जुन्या ट्रॅक्टरला पुढचे टायर घेताय? आधी एक्सल हलवून बघा, मग दुकानात जा

बीड : ट्रॅक्टरचा मागचा टायर झिजला की सगळ्या गावाला दिसतो. पुढचा टायर मात्र पार गोटा होईपर्यंत कुणी वाकून बघत नाही. ओढायचं काम मागची चाकं करतात हे खरं. पण ट्रॅक्टर जाणार कुठं, हे पुढची दोन चाकं ठरवतात. वावरात ती घसरली तर तास वाकडं होतं. घाटात घसरली तर माणूस जातो.

जिल्ह्यात आजही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे, काही तर त्याहून जुने ट्रॅक्टर रोजच्या कामावर आहेत. उन्हाळ्यात नांगरट, जूनमध्ये पेरणी, आणि दसरा-दिवाळीनंतर ऊस. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, तेव्हा ट्रॉलीवर नुसता ऊस नसतो. सगळा संसार, जनावरं, लेकरंबाळं असतात. ट्रॉलीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, तरी ती बसतात. अशा वेळी मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात पुढचा टायर फुटला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून हंगामाच्या आधी पुढचे टायर बदलायचे असतील तर काय बघायचं, कोणता नंबर घ्यायचा, कोणत्या रानाला कोणती नक्षी चालते आणि कुठं पैसे वाया जातात, याची ही माहिती. ही सगळी माहिती टू व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद असलेल्या ट्रॅक्टरसाठी आहे. जुने ट्रॅक्टर बहुतेक तसेच आहेत.

■ जुना टायरच सांगतो दुखणं कुठं आहे

टायर काढून फेकण्याआधी तो नीट बघावा. झीज कुठं झाली आहे यावरून कारण कळतं.

- दोन्ही कडा झिजल्या, मधला भाग शिल्लक : हवा कमी ठेवून चालवला.
- मधला भाग झिजला, कडा शिल्लक : हवा जास्त होती.
- एकाच बाजूची कड झिजली : चाकांची दिशा बिघडली आहे, किंवा किंगपिनचा बुश गेला आहे.
- जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज : चाकाचं बेरिंग ढिलं आहे, किंवा जोडांना खेळ आला आहे.
- नक्षी शिल्लक पण बाजूला बारीक भेगा : टायर वयाने गेला. उन्हात उभा राहून रबर वाळलं.

शेवटच्या प्रकारात बरेच जण फसतात. जुना ट्रॅक्टर वर्षातून थोडाच चालतो, त्यामुळं नक्षी झिजत नाही. 'अजून टायर चांगलाय' असं वाटतं. पण बाजूच्या भेगांतून धागे दिसायला लागले असतील तर तो टायर भार घेऊन रस्त्यावर न्यायच्या लायकीचा राहिलेला नाही.

■ टायरच्या आधी एक्सल

नव्या टायरचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते इथं. किंगपिन, बुश, टाय रॉड एंड आणि हबचं बेरिंग ढिलं असेल, तर कितीही भारी कंपनीचा टायर घ्या, तो एकाच कडेनं खाल्ला जाणार. मग लोक म्हणतात, 'कंपनी चांगली नव्हती.' दोष टायरचा नसतोच.

तपासणी घरी होते. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढचा एक्सल जॅकवर घ्या आणि खाली भक्कम लाकडी ओंडका द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका.

१) चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बेरिंग किंवा किंगपिनचा बुश गेला आहे. कोणता, ते हब आणि एक्सलच्या जोडाकडं बघत हलवलं की कळतं. हबच हलला तर बेरिंग, जोडात हालचाल दिसली तर बुश.

२) चाक डावीकडून-उजवीकडून धरून हलवा. स्टिअरिंग न फिरता चाक हललं तर टाय रॉड एंड बघा.

३) चाक हातानं फिरवा. खरखर आवाज आला किंवा अडखळलं तर बेरिंग काढून बघावं. नसेल तर निदान ग्रीस बदलून घ्यावं.

दुसरी तपासणी चाकांच्या दिशेची. मिस्त्री याला 'टो-इन' म्हणतात. दोन्ही पुढच्या चाकांमधलं अंतर मागच्या बाजूपेक्षा पुढच्या बाजूला काही मिलिमीटर कमी असावं लागतं. हे मोजायला खडू आणि टेप पुरे. स्टिअरिंग सरळ ठेवा. हबच्या उंचीवर, दोन्ही टायरच्या पुढच्या बाजूला मधल्या रेघेवर खडूची खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. मग ट्रॅक्टर थोडा पुढं ढकला, इतका की त्याच खुणा फिरून मागच्या बाजूला हबच्या उंचीवर येतील. पुन्हा मोजा. नेमका फरक किती हवा हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, ते मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मिळतं. पण पुढचं अंतर मागच्यापेक्षा जास्त निघालं, किंवा फरक बोटभर निघाला, तर टायर घेण्याआधी टाय रॉड सेट करून घ्यायला हवा.

बुश आणि टाय रॉड एंडचा खर्च टायरच्या जोडीपुढं कमीच असतो. आधी तो करावा.

■ टायरवरचा नंबर कसा वाचायचा

आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरला पुढं सगळ्यात जास्त चालणारा नंबर म्हणजे ६.००-१६. यातला ६.०० म्हणजे टायरची रुंदी, इंचात. १६ म्हणजे डिस्कचा व्यास, तोही इंचात. महिंद्रा २६५ आणि २७५, मॅसी फर्ग्युसन १०३५, स्वराज ७३५, आयशर २४२ अशा मॉडेलना बहुतेक करून हाच नंबर येतो. काही लहान ट्रॅक्टरना ५.५०-१६ असतो, तर जास्त हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरना ६.५०-१६ किंवा ७.५०-१६.

हा नंबर सर्रास चालत असल्याचा एक मोठा फायदा जुन्या ट्रॅक्टरवाल्यांना मिळतो. एचएमटीनं १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली होती. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. आता त्याचे बरेच पार्ट शोधत फिरावं लागतं. महिंद्राच्या नावाआधी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाच्या नावानं आलेले बी-२७५ ट्रॅक्टरही कुठं कुठं अजून उभे आहेत. कंपनी बंद पडली, नाव बदललं, मॉडेल गेलं, तरी १६ इंची डिस्क असेल तर पुढचा टायर तालुक्याच्या गावी मिळतो. टायर मिळत नाही म्हणून जुना ट्रॅक्टर भंगारात द्यायची गरज नाही.

नंबर मात्र आधी बसलेल्या टायरवरून घेऊ नये. जुना ट्रॅक्टर दोन-तीन मालकांच्या हातून आलेला असतो. मधल्या कुणी जे मिळालं ते बसवलेलं असू शकतं. नंबर मॅन्युअलवरून घ्यावा, आणि डिस्क बघून खात्री करावी.

■ डिस्क बघितल्याशिवाय मोठा टायर नको

'मोठा टायर बसवला की ट्रॅक्टर पुढून जड होतो, उचलत नाही,' असा एक समज आहे. त्यापायी ६.००-१६ च्या जागी ७.५०-१६ बसवतात. दोन्ही १६ इंची आहेत, त्यामुळं टायर डिस्कवर चढतो. पण चढणं वेगळं आणि बसणं वेगळं.

६.००-१६ टायर साधारण साडेचार इंच रुंद डिस्कसाठी असतो. ७.५०-१६ ला साडेपाच इंचाची डिस्क लागते. अरुंद डिस्कवर रुंद टायर बसवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि टायर मधोमध झिजतो. वळणावर तो डिस्कवर डगमगतो. ६.५०-१६ टायर मात्र साडेचार इंची डिस्कवर चालतो. थोडा मोठा टायर हवाच असेल तर तिथपर्यंतच जावं, तेही मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर.

आणखी तीन गोष्टी. ७.५०-१६ टायर ६.००-१६ पेक्षा साधारण तीन इंच उंच असतो. त्यामुळं ट्रॅक्टरचं तोंड सुमारे दीड इंच वर जातं. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरला स्टिअरिंग जड होतं आणि किंगपिनवर जास्त ताण येतो. आणि कपाशीत कोळपणी करताना रुंद चाक ओळीतल्या झाडाला घासतं.

नांगर किंवा ट्रॉली जोडल्यावर तोंड उचलत असेल तर त्यावर इलाज पुढच्या बंपरवर कंपनीचं वजन लावणं हा आहे, किंवा अवजाराचा भार कमी करणं. मोठा टायर हा त्यावरचा इलाज नव्हे. पुढं डोझर किंवा लोडर बसवलेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथं जास्त भाराचा टायर आणि त्याच मापाची रुंद डिस्क, अशी जोडी एकत्रच बदलावी लागते.

■ रान कसं, नक्षी तशी

मागच्या टायरला तिरके गुटके असतात, कारण त्याला माती पकडून ओढायचं असतं. पुढचा टायर ओढत नाही, तो नुसता फिरतो आणि दिशा देतो. म्हणून त्याला उभ्या पट्ट्या असतात. त्यालाच रिब म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की ही पट्टी मातीत रुतून चाकाला बाजूला घसरू देत नाही. रिब झिजली की स्टिअरिंग वळतं, पण ट्रॅक्टर सरळच जातो.

एक रिबचा टायर : मधोमध एकच उंच पट्टी असते. चिखलात आणि भातखाचरात खोल रुततो, दिशा चांगली धरतो. पण डांबरी रस्त्यावर सगळा भार त्या एका पट्टीवर येतो आणि ती लवकर झिजते. बीड जिल्ह्यात याचं काम थोडं.

तीन रिबचा टायर : मधली पट्टी उंच, दोन बाजूच्या पट्ट्या. शेत आणि रस्ता दोन्हींना चालतो. गेवराई, माजलगावकडच्या गोदाकाठच्या काळ्या भारी रानात, कॅनॉलच्या पाण्याखालच्या उसात, पावसात चिकटणाऱ्या मातीत हाच घ्यावा. मधली पट्टी जितकी उंच तितकं भारी रानात बरं.

चार किंवा जास्त रिबचा टायर : पट्ट्या रुंद, उंचीला कमी. भार जास्त जागेवर वाटला जातो, त्यामुळं रस्त्यावर आणि मुरमाड रानात हळू झिजतो. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारकडच्या बालाघाटच्या हलक्या, दगडगोट्याच्या जमिनीत, किंवा ट्रॅक्टर वर्षभर ट्रॉलीलाच असेल तर हा परवडतो. ओल्या काळ्या मातीत मात्र तो लवकर भरतो आणि घसरतो.

दोन्ही कामं असतील, म्हणजे उन्हाळ्यात नांगरट आणि हिवाळ्यात ऊस, तर तीन रिब हाच मधला मार्ग. एका बाजूला तीन रिब आणि दुसऱ्या बाजूला चार रिब असं कधीही करू नये. ब्रेक मारला की ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो.

■ पीआर म्हणजे काय

टायरवर ६ पीआर, ८ पीआर असं लिहिलेलं असतं. पूर्वी टायरमध्ये सुती धाग्याचे जितके थर, तितका आकडा असायचा. आता धागा बदलला. आजचा आकडा थर मोजत नाही, ताकदीची पायरी दाखवतो. आकडा जास्त तर भार पेलायची आणि हवा धरायची ताकद जास्त.

ट्रॅक्टर उभा असताना साधारण एक तृतीयांश वजन पुढच्या दोन चाकांवर असतं. पण उतारावर ब्रेक मारला की भार पुढं येतो. मागून भरलेली ट्रॉली ढकलत असते, ते वेगळंच. म्हणून ऊस, वाळू, खडी अशी वाहतूक करणाऱ्यांनी ८ पीआरच घ्यावा. नुसती पेरणी-कोळपणी असेल आणि मॅन्युअलमध्ये ६ पीआर सांगितला असेल तर तोही पुरतो.

तुरीचे आणि कपाशीचे खुंट हे आपल्याकडच्या पुढच्या टायरचे मोठे दुश्मन. तिरपा कापलेला पऱ्हाटीचा किंवा तुरीचा खुंट वाळला की खिळ्यासारखा टायरच्या बाजूत घुसतो. जास्त पीआर घेतला तरी त्याला बाजूनं पूर्ण संरक्षण मिळत नाही. खुंट उपटून किंवा कुट्टी करून रान मोकळं करणं हाच खरा उपाय.

■ हे टायर स्वस्त पडतात, पण घेऊ नयेत

जीपचा टायर : जुन्या विलीज जीपचा नंबरही ६.००-१६ च होता. त्यामुळं जीपचा टायर ट्रॅक्टरच्या डिस्कवर बरोबर बसतो. पण त्याला उभी रिब नसते. ओल्या रानात वळवताना चाक आडवं सरकत जातं.

रिमोल्ड : मागं ट्रॉलीला चालेल, स्टिअरिंगच्या चाकाला नको. वरचा थर निघाला तर चालकाच्या हातात काही राहत नाही.

जुना उतरवलेला टायर : घ्यायचीच वेळ आली तर आतून हात फिरवून गेटर लावलेला आहे का बघा, कडेची तार उघडी पडली आहे का बघा, बाजूला फुगारा आहे का बघा. यातलं एक जरी दिसलं तरी सोडून द्या.

एकच नवा टायर : एक नवा, एक झिजका अशी जोडी दोन्ही टायर लवकर संपवते, आणि ट्रॅक्टर ओढतो. पुढचे टायर जोडीनंच घ्यावेत. एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे.

■ दुकानात काय बघायचं

तारीख : टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन साल. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दोन्ही टायरचा शिक्का बघावा. दुकानात कित्येक वर्षं पडून राहिलेला टायर 'नवा' म्हणून नव्या दरात घेऊ नये.

वेगाची खूण : ए ६ असेल तर ताशी ३० किलोमीटर, ए ८ असेल तर ताशी ४० किलोमीटर. ट्रॅक्टरचा टायर यापुढं पळवण्यासाठी बनवलेलाच नसतो.

ट्यूब : जुन्या ट्रॅक्टरचे टायर बहुतेक ट्यूबचे. नव्या टायरमध्ये जुनी ट्यूब घालू नये. वापरलेली ट्यूब ताणून मोठी झालेली असते, आत तिची घडी पडते आणि घडीवरच ती फाटते. ट्यूबवरचा नंबर टायरच्या नंबराशी जुळवा.

बिल : २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. बिलावर किती टक्के लावला ते वाचा. टायरमध्ये बनावटीचा दोष निघाला तर कंपनीकडं तक्रार करायला बिल लागतं. 'बिनबिलाचा स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याकडं ती सोय नसते.

■ बसवताना आणि नंतर

डिस्कला आतून गंज असेल तर तारेच्या ब्रशनं घासून, रंग मारून मगच टायर चढवावा. नाहीतर गंजाचे पापुद्रे ट्यूब कापतात. डिस्क वाकलेली किंवा नटाची भोकं लांबट झालेली असतील तर डिस्कही बदला. टायरची कड डिस्कवर बसत नाही म्हणून हवा भरतच राहणं धोक्याचं आहे. हवा काढा, कडेला साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. हवा भरताना कुणीही टायरवर वाकून उभं राहू नये. आणि पहिल्या दिवसाच्या कामानंतर नट पुन्हा आवळा.

हवा अंदाजानं ठेवू नये. ६.००-१६ च्या पुढच्या टायरला शेतात साधारण २६ ते ३० पौंड आणि भार घेऊन रस्त्यावर ३२ ते ३६ पौंड लागते. नेमका आकडा मॅन्युअल आणि टायरवर बघावा. मागच्या टायरची हवा याच्या निम्म्याच्या आसपास असते, म्हणून चारही चाकांत सारखी हवा भरणं चूक. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. उन्हाळ्यात रस्त्यावर तापलेल्या टायरमध्ये पौंड वाढलेले दिसतात. ते बघून हवा सोडली की रात्री टायर कमी पडतो.

ट्रॅक्टर महिनोन् महिने उभा राहणार असेल तर सावलीत ठेवावा. सावली नसेल तर पुढच्या टायरवर पोती टाकावीत. अधूनमधून हवा बघून ट्रॅक्टर थोडा पुढं-मागं करावा, म्हणजे भार एकाच जागी राहत नाही.

■ थोडक्यात

- आधी किंगपिन, बेरिंग, टाय रॉड, टो-इन. मग टायर.
- नंबर मॅन्युअलवरून, डिस्कची रुंदी बघून. बहुतेकांना ६.००-१६.
- भारी काळं रान आणि मिश्र काम : तीन रिब. मुरमाड रान, कायम रस्ता : चार रिब.
- वाहतुकीला ८ पीआर.
- जोडीनं घ्या, नवी ट्यूब घ्या, तारखेचा शिक्का बघा, पक्कं बिल घ्या.
- जीपचा टायर आणि रिमोल्ड पुढं नको.

टायरची जोडी घेताना हजार-पाचशे वाचवता येतात. पण ऊस भरून घाट उतरताना स्टिअरिंगला फक्त त्या दोन टायरचाच आधार असतो. टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी एकदा जॅक लावून चाक हलवून बघितलेलं बरं.